प्रेक्षिकांची खानेसुमारी

मनोरंजनाचा धंदा करणारी मंडळी आपल्या प्रत्येक कृतीचे समर्थन एकाच वचनाने करीत आली आहेत : प्रेक्षकांना जे हवे तेच आम्ही देतो. या वचनात प्रेक्षक नावाची एक स्वयंभू, आपली आवड आधीपासून ठरवून बसलेली शक्ती गृहीत धरलेली आहे. आणि मराठी रंगभूमीचा, चित्रपटाचा, नभोवाणीचा व दूरचित्रवाणीचा इतिहास जो कोणी निवांतपणे चाळील त्याच्या ध्यानात येईल की, अशी शक्ती कधी अस्तित्वातच नव्हती. प्रेक्षकाची नेमणूक होत असते. कोणाला आत घ्यावयाचे, कोठे बसवावयाचे, कोणत्या प्रहरी व कोणत्या दराने, हे आधी ठरते, आणि त्या नेमणुकीबरहुकूम जो येऊन बसतो त्यालाच मागाहून 'आमचा प्रेक्षक' म्हणण्यात येते. ही नेमणूक करताना स्त्रीला जो हुद्दा देण्यात आला, त्याचा हा आढावा आहे.

तो हळ्ळीखेड बुजुर्ग येथे बसून लिहिण्यात एक सोय आहे. बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील हे गाव कोणत्याही कंपनीच्या नकाशात मध्यभागी नाही. घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दखनी, आणि साखर कारखान्याच्या फाटकाशी तिन्हींची मिळून एक सरमिसळ, अशी येथील भाषेची वहिवाट असल्यामुळे एकाच संध्याकाळी तीन भाषांतील करमणूक एकाच ओसरीवर येऊन पडते, आणि ती मुळात कोणासाठी धाडली होती हे, पत्ता चुकलेल्या टपालाप्रमाणे, पाकिटावरूनच ओळखावे लागते.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' उभे केले, त्यानंतर कित्येक दशके रंगमंचावरील सीता-द्रौपदी पुरुषच होते, आणि कुलीन स्त्रीने नाटकास जावे की नाही हा वादाचा विषय होता. पुढे नाटकमंडळ्यांना उमगले की, घरातील बाई आली म्हणजे तिच्यामागोमाग घर येते. मग निराळ्या जागा, निराळे दरवाजे अशी तजवीज झाली. निजामी अमदानीतील शहरांच्या चित्रगृहांत तीच तजवीज 'जनाना' वर्गाच्या पडद्याआड चालू राहिली, आणि जत्रेतल्या तंबूत ती बायकांची बाजू व बाप्यांची बाजू अशी मधोमध दोर बांधून झाली. हे सारे अब्रूच्या रक्षणासाठी आहे असे सांगितले जाई, व काही अंशी ते खरेही असेल. परंतु या तजविजीत तिकिटाचा हिशेब मुळीच नव्हता असे मानण्याइतके कंपन्यांचे मालक भोळे नव्हते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा बायका-मुलांसाठी निम्म्या दराचे खास खेळ ठेवण्यात आले होते. पडद्यावरची तारामती मात्र अण्णा साळुंके या पुरुषाने केलेली. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला यांनी फाळक्यांच्या लगेचच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात भूमिका केल्या हे खरे. पण त्या पहिल्या बोलपटपूर्व गर्दीत निम्मे तिकीट काढून आलेल्या बाईला पडद्यावर बाई म्हणून जी दिसली, ती बाई नव्हती.

त्याच १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली, आणि या प्रकाराला जे वैभवाचे रूप आले त्याला मराठी मुलखाबाहेर क्वचितच जोड सापडेल. बालगंधर्वांनी नेसलेली साडी, त्यांचा अंबाडा, त्यांचे दागिने हे महाराष्ट्रातील सुखवस्तू स्त्रियांच्या अनुकरणाचे विषय झाले. त्यांच्या प्रतिभेस उणे आणण्याचा येथे हेतू नाही; त्यांचे गाणे ज्यांनी ऐकले ते धन्यच. परंतु व्यवहाराच्या बाजूने पाहता, स्त्रीने कसे दिसावे हे पुरुष नटाने दाखवावे, ते पाहण्यासाठी स्त्रियांनी निराळ्या जागेवर बसावे आणि घरी परतून नवऱ्यापाशी तशाच शालूचा हट्ट धरावा, अशी ही साखळी होती. आणि पुढे आलेल्या साऱ्या मालिका, साऱ्या पैठण्या, या साखळीच्याच लांबलेल्या कड्या आहेत असे माझे मत आहे.

तमाशाचा मामला उलटा. तेथे रंगमंचावर स्त्री उभी, आणि समोर केवळ पुरुष. विठाबाई नारायणगावकरांना दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी त्यांची लावणी ऐकावयास गावातील बायकांनी जावे असे कोणत्याही फडमालकाला किंवा गावकऱ्याला वाटले नाही. आमच्या सीमेपलीकडे नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. तेथे देवदर्शन बायकांनी करावे आणि फडावर पुरुषांनी जावे, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांची. अलीकडे मात्र 'फक्त महिलांसाठी' असे फलक लावून शहरांतील नाट्यगृहांत लावणीचे खेळ होऊ लागले, आणि तेथे जो प्रकार दिसतो तो पाहण्यासारखा असतो : पन्नाशीच्या बायका खुर्चीवर उभ्या राहून शिट्ट्या वाजवितात, पदर खोचून नाचतात. लावणी बायकांना आवडत नव्हती हा समज कोठून आला होता, असा प्रश्न तेव्हा पडतो. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आता विचारले, पण पुरुष आत नसण्याच्या अटीवर. जनान्याचा पडदा गेला नाही. तो दारावर जाऊन बसला.

छापील करमणुकीत हीच विभागणी सुसंस्कृत वेषात आली. किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर' निघत होते. १९३० साली त्याच्या जोडीला 'स्त्री' निघाले व मागाहून तरुणांसाठी 'मनोहर'. 'स्त्री' मासिकाने केलेले काम मोठे आहे, त्याबद्दल दुमत नाही. तरी पण एका घरातून तीन मासिके निघतात आणि त्यांतील जे कोणाचेच म्हणून सांगितलेले नसते ते पुरुषांचे असते, ही खूणगाठ त्या वेळी पक्की झाली. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'वनिता मंडळ' निराळे आणि 'कामगार सभा' निराळी. जणू गिरणीत एकही बाई साच्यावर उभी नव्हती. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि तेथेही 'आमची माती, आमची माणसं' व 'सुंदर माझं घर' अशी वाटणी झाली : शेत त्याचे, घर तिचे. मराठवाड्यात आणि आमच्या या पठारावर तूर-उडदाची खुरपणी कोण करते हे ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला ही वाटणी कोणत्या शहरी मेजावर झाली असावी हे सांगावे लागत नाही.

यानंतर साबणवाले आले. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात धुण्याची पावडर विकणाऱ्या कंपन्यांनी नभोवाणीवरील दुपारच्या कौटुंबिक कथामाला पोसल्या, कारण दुपारी घरात बाई असते व साबण ती घेते. ही क्लृप्ती भारतात १९८४ साली 'हम लोग'च्या रूपाने आली. तिचा प्रायोजक दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया विकणारा होता. तेथपासून मालिकेचा खरा ग्राहक कोण हे उघड झाले. मालिका बाईला विकली जात नाही. मालिकेच्या योगे बाई विकली जाते, आणि विकत घेणारा तेल, साबण, मसाला व मंगळसूत्र यांचा कारखानदार असतो. मालिकेत जे घडते ते त्याच्या सोयीने घडते. नायिका सदा घरात, कारण माल घरात वापरावयाचा; कुटुंब मोठे, कारण मोठ्या कुटुंबाला तेलाचा मोठा डबा लागतो; आणि सणवार वर्षभर, कारण सणाला खरेदी होते.

मराठीत खासगी वाहिन्यांचा जमाना १९९९ साली 'अल्फा मराठी'ने सुरू झाला. त्या वाहिनीच्या आरंभीच्या 'आभाळमाया'तील नायिका प्राध्यापिका होती, तिला विचार करताना दाखवीत. २००० साली ई टीव्ही मराठी व ई टीव्ही कानडी या दोन्ही वाहिन्या निघाल्या, त्या एकाच मालकाच्या, आणि त्यांचे ठाणे हैदराबादेस. ज्या हैदराबादेहून १९४८ पर्यंत आमच्या गावी फर्मान येत होते, तेथूनच पुन्हा सासू आणि सून, मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत, येऊ लागल्या, हा योगायोग जुन्या माणसांना मौजेचा वाटे. 'चार दिवस सासूचे' ही मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली. मागाहून तर भाषेचाही भेद उरला नाही : बंगालीतील 'श्रीमयी'ची मराठीत 'आई कुठे काय करते!', हिंदीत 'अनुपमा' आणि कानडीत 'इंति निम्म आशा' झाली, आणि आमच्याकडे वाहिनी बदलली तरी तीच सोसणारी आई दुसऱ्या भाषेत सोसत असलेली दिसे.

आमच्या आळीत एक अक्का आहेत. दिवसभर उसाच्या रानात खुरपे घेऊन, संध्याकाळी चूल-भाकरी आटोपून सातच्या मालिकेला त्या टेकतात आणि न चुकता शेवटपर्यंत पाहतात. एकदा मालिकेतील सहा सुना दिवाणखान्यात ओळीने, जरीच्या साड्या नेसून उभ्या असताना त्या म्हणाल्या, "ह्यांचं शेत कुठं हाय की! दिसभर नटून उब्या ऱ्हात्यात, ह्यांना कोन पगार देतंय?" प्रश्न अर्थशास्त्राचा होता, आणि त्याचे उत्तर मी वर देऊन चुकलो आहे.

येथे मालिकांची टर उडविणाऱ्या सुशिक्षितांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण त्यांच्या पक्षात मला सामील व्हावयाचे नाही. बायकांचे रडगाणे म्हणून ज्या मालिकांना नाके मुरडली जातात, त्यांच्यापेक्षा रात्री नऊ वाजता वृत्तवाहिन्यांवर पुरुष एकमेकांवर जो आरडाओरडा करतात तो अधिक विवेकाचा असतो, असे कोणी सिद्ध करून दाखविलेले नाही; तरी त्याला राजकारण म्हणतात. स्त्रियांना पाहावयास दिलेली वस्तू आधी हलक्या प्रतीची बनवावयाची, आणि मग ती पाहतात म्हणून त्यांची अभिरुची हलकी ठरवावयाची, यात कंपनीवाले आणि टीकाकार दोघांची भागी आहे.

'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम २००४ साली सुरू झाला. सूत्रसंचालक आदेश बांदेकर घरोघर 'भाऊजी' म्हणून गेले, 'वहिनीं'ना खेळ खेळावयास लावले आणि जिंकणारीस पैठणी दिली. या कार्यक्रमाने कित्येक घरांत ज्या बाईला कोणी कधी तिचे मत विचारले नव्हते तिच्यापुढे ध्वनिक्षेपक धरला, हे त्याचे श्रेय मी नाकारीत नाही. परंतु तेथे विचारले काय गेले? नवऱ्याने प्रथम काय भेट दिली, सासूबाईंच्या हातचे काय आवडते. गृहमंत्रिपदाचे खाते दिले, पण खजिन्याची किल्ली दिली नाही. २०२२ साली याच कार्यक्रमाच्या 'महामिनिस्टर' या आवृत्तीत अकरा लाख रुपयांची पैठणी ठेवण्यात आली, तेव्हा पुष्कळांनी विचारले की, इतक्या रकमेत बाईला दुसरे काही देता आले नसते काय. ती पैठणी नेसून जावे असे ठिकाण तरी कोठले?

आता मोजणीकडे वळू. कारण साऱ्या नेमणुकीचा दस्तऐवज तेथे आहे. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेची २०१५ पासूनची पद्धत अशी की, निवडक घरांत यंत्रे बसवावयाची आणि त्या घरांची प्रतवारी लावावयाची. प्रतवारी दोन गोष्टींवर ठरते : घरातील मुख्य कमावत्याचे शिक्षण, आणि अकरा वस्तूंच्या यादीतील किती वस्तू घरात आहेत. त्या यादीत वीज, पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत दूरचित्रवाणी, शीतकपाट, धुलाईयंत्र, संगणक, मोटार, वातानुकूलन यंत्र आणि शेतजमीन ही आहेत. खानेसुमारीचा हा नमुना वरवर निःपक्ष दिसतो. परंतु मुख्य कमावता म्हणून बहुतेक घरांत पुरुषाचेच नाव सांगितले जाते, जमिनीचा सातबारा असो की आमच्याकडील पहाणी, त्यावरही बहुधा त्याचेच; आणि या दोन्हींच्या आधारे ज्या घराची पायरी ठरली त्या घरातील बाईची आवड त्या पायरीच्या किमतीने विकली जाते. तिचे स्वतःचे शिक्षण, तिची स्वतःची रोजंदारी, तिचे बचतगटातील खाते यांना घराच्या पायरीत स्थान नाही.

हळ्ळीखेडच्या मराठी बाईची गोष्ट याहून पुढची. मराठी वाहिन्यांची लोकप्रियता महाराष्ट्र आणि गोवा या बाजारपेठेच्या आकड्यांवरून सांगितली जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे तुकडे होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूरकडे गेले. त्या रेषेने महसूल वाटला, कचेरीची भाषा वाटली, आणि साठ वर्षांनी मराठी मालिकेचे प्रेक्षकही वाटले. उदगीरच्या बाईने पाहिलेली मालिका मराठीच्या हिशेबात जमा होते. भालकीच्या तिच्या सख्ख्या बहिणीने पाहिलेली तीच मालिका त्या हिशेबात येत नाही. बाई म्हणून जिला फक्त गिऱ्हाईक केले, तिला सीमेवर गिऱ्हाइकाचाही मान नाही.

चित्रपटांच्या बाबतीत मजा निराळी आहे. १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. तो पाहावयास खेड्यापाड्यांतून बायका वाहने करून तालुक्याला गेल्या, आणि चित्रपटधंद्याला आश्चर्याचा धक्का बसला. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, साथीनंतर चित्रगृहे नुकतीच अर्ध्या क्षमतेने उघडली असताना, बायकांच्या इंग्लंड सहलीवरचा हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' लागला व चालला, पुन्हा धक्का. ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' लागला : सहा बहिणी, त्यांतल्या बहुतेक चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या, आणि मंगळागौरीची स्पर्धा. बायका घोळक्याने, नऊवारी नेसून, गॉगल लावून गेल्या, चित्रगृहाच्या आवारात फुगड्या घातल्या, आणि गल्ला सत्तर कोटींच्या वर गेला, तिसऱ्यांदा धक्का. बत्तीस वर्षांत जो धंदा एकाच गोष्टीने तीनदा आश्चर्यचकित होतो, त्याला आश्चर्य म्हणावे की न शिकण्याचा निश्चय? या तिन्ही चित्रपटांना बायका आल्या, पण 'माहेरची साडी' रडविणारा होता आणि नंतरचे दोन हसविणारे, एवढा मोठा पालट प्रेक्षिकांत झाला असता धंद्याने त्यातून काढलेला बोध इतकाच की, बायकांचा घोळका असलेले आणखी चित्रपट काढावे.

त्या २०२३ च्या आषाढ-श्रावणातील आमच्या भागाची हकिकत नमूद करण्याजोगी आहे. ११ जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेने बायकांना राज्यातील साध्या बसगाड्यांत प्रवास मोफत झाला; त्याच्या आधी १७ मार्चपासून महाराष्ट्राने आपल्या बसगाड्यांत बायकांना निम्मे भाडे केले होते. म्हणजे हळ्ळीखेडची बाई फुकट बीदरला जाऊ शके, फुकट कलबुर्गीला जाऊ शके, शरणबसवेश्वराचे दर्शन घेऊन येऊ शके. पण मराठी चित्रपट लागतात सोलापुरास, लातुरास. फुकट प्रवास सीमेपाशी संपे, निम्मे भाडे सीमेनंतर सुरू होई, आणि परतीची शेवटची गाडी संध्याकाळच्या खेळाआधी सुटे. एखाद्या वितरकाने हुमनाबादेत दुपारचे चार खेळ लावून पाहावयास हरकत नव्हती. परंतु येथे मराठी प्रेक्षिका आहे हे त्याच्या दप्तरी असावयास हवे ना.

जेथे बाई गिऱ्हाईक नाही असे ठरले होते, तेथे तिला बोलाविण्याची तऱ्हा आणखी विलक्षण. २००३ च्या विश्वचषकात क्रिकेटकडे बायकांना वळवावे म्हणून मंदिरा बेदी यांना सामन्यांभोवतीच्या चर्चेत बसविले गेले, आणि चर्चा त्यांच्या पोलक्यांची झाली. मार्च २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या महिला प्रीमियर लीगला बायकांना प्रवेश मोफत होता. फाळक्यांच्या निम्म्या दरापासून ही प्रगतीच म्हणावयाची. पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क पुरुषांच्या लीगचे ४८,३९० कोटींना आणि बायकांच्या लीगचे ९५१ कोटींना गेले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय बायकांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीची स्मृती मानधना कोणाला ठाऊक नाही असे घर उरले नाही. जाहिरातदार त्यानंतर धावत आले. आधी दिसावे आणि मग मोजावे, हा क्रम तिच्यासाठीच राखून ठेवलेला आहे.

मुलांच्या करमणुकीबद्दल थोडक्यात सांगतो. २०१३ साली पॉल डिनी या अमेरिकन लेखकाने उघड सांगितले की, साहसकथांच्या चित्रमालिका मुली पाहू लागल्या तर वाहिनीवाल्यांना ते नको असते, कारण मुली खेळणी विकत घेत नाहीत अशी त्यांची समजूत. आपल्याकडे हैदराबादेत २००८ पासून निघणाऱ्या 'छोटा भीम'मध्ये भीम साहसे करतो आणि मुलगी, म्हणजे चुटकी, लाडू घेऊन उभी राहते. कायद्याचीही अशीच त्रोटक हकिकत : स्त्रियांच्या असभ्य चित्रणास प्रतिबंध करणारा कायदा १९८६ चा, आणि जाहिरात मानक परिषदेने स्त्रीपुरुषांविषयीच्या साचेबंद कल्पनांवर मार्गदर्शक नियम जून २०२२ मध्ये केले. दोन्ही, जे दाखविले त्याचा विचार करतात. कोणाला दाखवावयाचे नाही असे ठरले, तो निर्णय त्यांच्या अखत्यारीत येत नाही.

मोबाइलमुळे हे सारे पालटेल असे म्हणणारे पुष्कळ आहेत, कारण त्यात म्हणे प्रत्येकाची आवड निराळी मोजली जाते. आमच्या आळीत मात्र एक मोबाइल दोघा-तिघांत फिरतो आणि त्यावरील खाते थोरल्या मुलाच्या नावे असते. दुपारी आई त्यावर कीर्तन ऐकते, सोयाबीनचा बाजारभाव पाहते, कुस्त्यांची दंगल पाहते (होय, कुस्त्या तिला फार आवडतात) आणि जुना एखादा मराठी चित्रपट लावून भाकऱ्या थापते. कंपनीच्या दप्तरी ती बावीस वर्षांचा अविवाहित तरुण, कर्नाटक राज्य, अशी नोंदली गेलेली आहे. रात्री त्या तरुणाच्या हाती मोबाइल आला की त्याला देवघराचे सामान, तणनाशके आणि पैठण्या यांच्या जाहिराती एकामागून एक येऊ लागतात, आणि तो आईवर खेकसतो.